सायनस नावाचा बॅकलॉग

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला तीन गोष्टी चुकत नाहीत. मेसमधली बटाट्याची भाजी, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण आणि पावसाळ्यातली सर्दी ! पहिल्या दोन गोष्टींवर कॉलेजच्या अंकांतून भरपूर लिहून झालंय. तिसरीच्या वाट्याला कुणी जात नाही, कारण सर्दीवर लिहायचं तरी काय? औषध घेतलं तर सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर एका आठवड्यात.

पण हीच सर्दी कधी कधी जातच नाही. नाक एका बाजूने बंद, गाल जड, खाली वाकलं की ठणका, घशात सतत काहीतरी उतरतंय... गोळ्यांचा एक कोर्स होतो, चार दिवस बरं वाटतं आणि पंधरवड्यात गाडी पुन्हा मूळपदावर. केटीसारखंच आहे हे. पेपर सुटला असं वाटतं आणि रिझल्टच्या दिवशी विषय पुन्हा समोर उभा !

मी स्वतः हा बॅकलॉग सात महिने वागवला आहे. त्या काळात जे वाचलं आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. त्यामुळे औषधं सुचवणं हा या लेखाचा हेतू नाही. पण सायनसचं दुखणं हे बरंचसं टाकी, पाइप आणि ड्रेनेजचं दुखणं आहे, आणि ते समजायला आपल्याला काहीच अडचण नाही.

आधी ड्रॉइंग समजून घेऊ

'मला सायनस झालाय' असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर सायनस हा रोग नाही, तो प्रत्येकाला असतोच. चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांचं नाव सायनस. त्यांच्या चार जोड्या आहेत. भुवयांच्या वर कपाळात फ्रॉन्टल, दोन डोळ्यांच्या मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान लहान कप्प्यांची एथमॉइड, पार मागे कवटीच्या तळाशी स्फेनॉइड आणि दोन्ही गालांच्या हाडांत सर्वांत मोठी ती मॅक्सिलरी. या सगळ्यांची तोंडं नाकात उघडतात. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की तो सायनुसायटिस. बोलताना आपण 'टिस' गाळतो एवढंच.

आता गालातली पोकळी जरा नीट पाहू. मोठ्या माणसात तिचं आकारमान साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. तिला नाकात उघडणारं तोंड काही मिलिमीटरचं. आणि गंमत म्हणजे हे तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे ! पाण्याच्या टाकीचा आउटलेट छताजवळ काढलेलं ड्रॉइंग एखाद्या फर्स्ट इयरच्या मुलाने दाखवलं तर सर ती शीट त्याच्या हातात परत देतील.

मग ही टाकी रिकामी कशी होते? गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर नाहीच. आतल्या अस्तरावर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म केसासारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने वल्ही मारल्यासारखे हलतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो, त्यात धूळ आणि जंतू अडकतात, आणि हा सगळा थर कन्व्हेयर बेल्टसारखा मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने वर, त्या तोंडाकडे सरकत राहतो. तिथून नाकात, नाकातून घशात, घशातून पोटात. आपल्याला पत्ताही लागत नाही. चोवीस तास, सुट्टी न घेता चालणारं हे एकमेव डिपार्टमेंट असावं !

बिघाड कुठे होतो ते आता सहज कळेल. सर्दीने किंवा ॲलर्जीने तोंडाजवळ सूज आली की आउटलेट बंद. आत हवा जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, स्राव घट्ट होतो, सिलिया मंदावतात, साचलेल्या स्रावात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज वाढते आणि सूज वाढली की आउटलेट आणखी बंद. झालं चक्र पूर्ण.

खाली भोक पाडलं तर?

आपल्यापैकी कुणालाही हा प्रॉब्लेम दिला असता तर पहिलं उत्तर हेच आलं असतं : टाकीच्या तळाला एक भोक पाडा, विषय संपला. सर्जन मंडळींनाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेत काल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी १८९७ मध्ये असं ऑपरेशन मांडलं. वरच्या ओठाखालून गालाच्या पोकळीत शिरायचं, खराब अस्तर खरवडून काढायचं आणि नाकाच्या खालच्या भागात एक नवी खिडकी काढायची. काल्डवेल-ल्यूक या नावाने हे ऑपरेशन पुढे कित्येक दशकं चाललं.

पण अनेक रोग्यांचं दुखणं तरीही जाईना. खिडकी उघडी, तरी तक्रार चालू. याचं कोडं उलगडण्यात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या वॉल्टर मेसरक्लिंगर यांचा मोठा वाटा आहे. पोकळीतला स्राव नेमका कोणत्या वाटेने जातो, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं : तळाशी नवं भोक असलं तरी सिलिया स्रावाला त्या भोकाच्या बाजूने वळसा घालून वरच्या मूळ तोंडाकडेच नेत राहतात. बेल्टची दिशा जन्मतःच ठरलेली आहे, ती आपल्या सोयीने बदलत नाही. मग उपाय काय? नवं दार नको, जुनंच दार मोकळं करा.

ते दार दिसण्यासाठी नाकात आतवर पाहणारी दुर्बीण हवी होती. ती शक्य झाली हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञामुळे. काचेच्या दांड्या वापरून त्याने बारीक पण लख्ख चित्र देणारी एंडोस्कोपची रचना केली. याच हॉपकिन्सबरोबर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काम करणारा एक भारतीय विद्यार्थी होता, पंजाबातल्या मोगा गावचा नरिंदरसिंग कपानी. काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा या दोघांचा शोधनिबंध १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ऑप्टिकल फायबरवर ओरल देताना कपानींचं नाव आपण घेतो, तेच हे. एंडोस्कोपमध्ये उजेड पोहोचवतात ते असेच काचतंतू.

पुढे १९८५ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी या पद्धतीला 'फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी' असं नाव दिलं. ई.एन.टी.चे डॉक्टर तिला थोडक्यात 'फेस' म्हणतात. तिच्यातला 'फंक्शनल' हा शब्द महत्त्वाचा. नैसर्गिक ड्रेनेज जिथे अडलंय तिथे ते मोकळं करायचं आणि यंत्रणेला तिचं काम करू द्यायचं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण चिवट सायनसचं सगळं मर्म तिच्यात आहे. दुखणं हटत नाही म्हणून जास्त जोर लावायचा नाही, अडलंय कुठे ते शोधायचं.

गोळीची घाई

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आलेच, हाही गैरसमज आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, आणि साध्या सर्दीतही येतो. १९९४ मध्ये अमेरिकेत नुकतीच सर्दी झालेल्या ३१ तरुण माणसांचे सी.टी. स्कॅन काढले गेले. त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या गालाच्या पोकळीत बिघाड दिसला. अँटिबायोटिक न घेता दोन आठवड्यांत बहुतेकांचं चित्र सुधारलं. म्हणजे सर्दीच्या तिसऱ्या दिवशी स्कॅन काढून घाबरण्यात अर्थ नाही.

मग जिवाणूंचा संशय कधी घ्यायचा? दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा बरं होत आलेलं दुखणं पाचव्या-सहाव्या दिवशी एकदम उसळलं असेल, किंवा सुरुवातीपासूनच जोराचा ताप, एका बाजूला तीव्र दुखणं आणि पू असेल, तर. आणि हीच लक्षणं १२ आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणजे क्रॉनिक म्हणतात. तिथून पुढे खेळाचे नियम बदलतात. क्रॉनिक सायनुसायटिस हा 'न संपलेला इन्फेक्शनचा झटका' नसतो. त्याच्यामागे बहुधा दुसरं काहीतरी कारण असतं.

आपल्याकडे मात्र प्रत्येक विंगमध्ये एक चालतंफिरतं मेडिकल स्टोअर असतंच. "मला मागच्या वेळी हीच गोळी लागू पडली होती, तीन उरल्यात, घेऊन टाक !" यात मैत्री आहे, उपचार नाही. उरलेल्या तीन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, त्यांची प्रॅक्टिस होते. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसचा हा धोका सांगितला होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने औषधांच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेबद्दल मोहीम काढली. ती रेघ असलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आज रूमवर गेलात की ड्रॉवरमधली पाकिटं बघा, किती रेघा सापडतात ते !

फॉल्ट कुठे असू शकतो?

पण समजा, डॉक्टरांनी दिलेला कोर्स वेळेवर, पूर्ण घेतला आणि तरीही दुखणं हटत नाही. अशा वेळी 'याहून स्ट्राँग काही आहे का?' हा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो. त्याऐवजी फॉल्ट फाइंडिंगचा तक्ता करावा तसं एकेक कारण तपासावं लागतं.

१. मुळात सायनस आहे का? नाकातून काही वाहत नाही, नाक बंद नाही, फक्त कपाळ दुखतं, उजेड नकोसा वाटतो, मळमळतं... ही लक्षणं अर्धशिशीची म्हणजे मायग्रेनची असू शकतात. 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं स्वतःच ठरवलेल्या जवळजवळ ३,००० अमेरिकन रोग्यांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या व्याख्येत बसत होती. त्यांना जगातलं कुठलंही अँटिबायोटिक उपयोगी पडलं नसतं.

२. ॲलर्जी आणि पॉलिप. धूळ, बुरशी, गादीतले सूक्ष्म कीटक यांमुळे अस्तर कायमच सुजलेलं राहतं. काहींच्या नाकात द्राक्षाच्या घोसासारखे मऊ कोंब वाढतात, ते पॉलिप. वास येणं बंद होणं ही त्याची एक मोठी खूण. सोबत दमा असेल आणि ॲस्पिरिनसारख्या गोळीने तो उसळत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण या तिघांची टोळी एकत्र फिरते.

३. रचनेतला दोष. 'नाकाचं हाड वाढलंय' असं आपण म्हणतो ते बहुधा मधल्या पडद्याचं वाकडेपण असतं. पण लक्षात घ्या, थोडा वाकडा पडदा पुष्कळ धडधाकट माणसांना असतो. तो दिसला म्हणजे तोच गुन्हेगार असं नाही.

४. बायोफिल्म. कूलरच्या टाकीत हात घालून पाहिलाय? आतून बुळबुळीत थर लागतो. पाणी ओतून टाकलं तरी तो तसाच. जिवाणू स्वतःभोवती असंच चिकट आवरण तयार करून वसाहत करतात. सुटा जिवाणू ज्या डोसने मरतो, त्याच डोसला ही वसाहत दाद देत नाही. वरवरचे मरतात, बरं वाटतं. आतले टिकतात आणि पुन्हा पसरतात. इथे धुणं आणि घासणं हाच मोठा उपाय ठरतो.

५. बुरशी. पोकळीत बुरशीचा गोळा तयार होऊ शकतो, किंवा बुरशीची ॲलर्जी होऊन घट्ट, चिकट मळ साचतो. जिवाणूंच्या गोळ्या त्यावर निरुपयोगी. तो गोळा किंवा मळ काढावाच लागतो.

६. नाकात टाकायचे थेंब. चोंदलेलं नाक दोन मिनिटांत उघडणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर उलटतात. थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. सहा महिने उशाखाली ती बाटली घेऊन झोपणारे लोक आपल्यातच आहेत.

७. शरीराची एकूण तब्येत. ताब्यात नसलेला मधुमेह, प्रतिकारशक्तीचा जन्मजात किंवा नंतर आलेला दोष, आणि धूर ! सिगरेटचा धूर सिलियांना लुळं करतो. खिडकी बंद करून लावलेली डासांची कॉइलही काही अमृत सोडत नाही.

८. दाढ. हो, दाढ. हे कारण शेवटी ठेवलं, कारण माझ्या बाबतीत गाडी इथेच अडली होती.

माझी केस

पाचव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, जुलैच्या पावसात सर्दी झाली. सगळ्या विंगला झाली होती. सगळ्यांची गेली, माझी फक्त डाव्या बाजूची राहिली. डाव्या नाकपुडीतून घट्ट पिवळं येई, डावा गाल जड असे, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे स्वतःच्याच नाकात सतत कुजका वास. शेजारच्याला तो येत नसे, मला जेवतानासुद्धा येई. ताप नाही, दातदुखी नाही. लेथवर वाकून जॉब सेट करायचा म्हटलं की गालात ठणका.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, ते पूर्ण घेतलं. वास गेला, दहा दिवसांनी परत आला. महिन्याभराने दुसरं दिलं, तोच अनुभव. मग ऑक्टोबरात शहरातल्या ई.एन.टी. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने पाहिलं, डाव्या बाजूच्या तोंडातून पू येताना दिसला. पडदाही किंचित वाकडा होता. नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे सहा-सात आठवडे करून बघू, नाहीच झालं तर ऑपरेशनचा विचार, असं ठरलं. एंड सेमचे पेपर मी तसेच, दर तासाला रुमाल बदलत दिले. घरी बाबांनी पतसंस्थेत कर्जाची चौकशी सुरू केली होती.

ऑपरेशन ठरवण्याआधी सी.टी. स्कॅन झाला. फिल्म उजेडात धरून डॉक्टर बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हे बघ. तुझी कपाळाची, मधली, मागची सगळी घरं स्वच्छ आहेत. उजवा गाल स्वच्छ. फक्त डाव्या गालात पाणी भरलंय. दोष नाकाचा असता तर शेजाऱ्यांनाही थोडीफार झळ लागली असती. डाव्या वरच्या दाढेत कधी काही काम केलंय का?"

"अकरावीत रूट कॅनाल झालंय, सर. पण ती दाढ दुखत नाही."

"न दुखणारीच जास्त लबाड असते," ते म्हणाले आणि त्यांनी मला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आता पुन्हा ड्रॉइंगकडे येऊ. वरच्या दाढांची मुळं आणि गालाच्या पोकळीचा तळ यांत फार थोडं हाड असतं, कुणाकुणात तर केवळ पापुद्रा. मुळाच्या टोकाशी जंतू साठले की ते सरळ वरच्या मजल्यावर शिरतात. दाढ दुखत का नाही, तर तिची नस आधीच काढलेली असते, आणि पू वर निसटत असल्याने मुळाशी दाब साठत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडा असलेल्या बॉयलरसारखं ! या प्रकारात एकाच बाजूचा त्रास आणि कुजका वास या दोन खुणा ठळक असतात. गालाच्या पोकळीच्या जुनाट दुखण्यात दातांचा वाटा १० ते ४० टक्के असल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. म्हणजे हे काही लाखात एक असं प्रकरण नाही.

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी पुढच्या बाहेरच्या मुळात पुष्कळदा एकाऐवजी दोन नळ्या असतात. दुसरी इतकी बारीक असते की भिंगाशिवाय सापडणं कठीण. माझ्या दाढेत नेमकी तीच राहून गेली होती. जानेवारीत तीन बैठकांत दाढ पुन्हा उघडून ती नळी साफ करून बंद केली. सोबत डॉक्टरांनी दिलेला एक कोर्स आणि नाक धुणं चालू. तिसऱ्या आठवड्यात कुजका वास गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा तोंड उघडं आणि कोरडं होतं. प्रत्येकाचं असं होत नाही, काहींना दाढेबरोबर फेसही करावी लागते, हे ई.एन.टी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं. माझं ऑपरेशन मात्र टळलं.

सात महिन्यांत घेतलेली कुठलीही गोळी 'चुकीची' नव्हती. प्रत्येकीने वरचं पाणी उपसलं. पण खालून नळ चालूच होता.

धुण्याचं शास्त्र

कारण कुठलंही असो, जुनाट सायनसवर जवळजवळ प्रत्येक डॉक्टर दोन गोष्टी सांगतात : मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे. दोन्ही आपण घाईत आणि चुकीच्या पद्धतीने करतो, म्हणून थोडं सविस्तर.

पाणी : योगवर्गातली जलनेती म्हणजे हीच कृती. धुण्याची खास बाटलीही मेडिकलमध्ये मिळते. मिठाचं प्रमाण लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा, पण सपाट आणि किंचित कमी. आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की झोंबत नाही. साधं पाणी झोंबतं, कारण ऑस्मोसिस ! पाणी कोमट हवं आणि ते आधी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. हॉस्टेलच्या टाकीचं, नळाचं पाणी चालणार नाही. हा नुसता सोवळेपणा नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला. तो अमीबा प्यायलेल्या पाण्यातून बाधत नाही, नाकातून जातो. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलं की तो मरतो. मेसच्या मावशींना विनंती केली तर चहाच्या वेळी एक तांब्या पाणी उकळून मिळतं, स्वानुभव आहे. बाटलीही रोज धुऊन कोरडी ठेवायची आणि कुणाला वापरायला द्यायची नाही.

स्प्रे : आधी नाक धुवायचं, मग स्प्रे. मान किंचित पुढे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे नळीचं टोक आपोआप मधल्या पडद्याकडे न जाता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात. आणि हे थेंबांसारखं दोन मिनिटांचं काम नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून स्प्रे कपाटात टाकू नका.

वाफेने तात्पुरतं मोकळं वाटतं, पण आजार जात नाही. बादलीत हीटरचा रॉड टाकून, त्यावर डोकं धरून वाफ घेणाऱ्या वीरांना मात्र हात जोडून विनंती : भाजण्याचा आणि शॉकचा धोका सायनसपेक्षा मोठा आहे.

केव्हा थांबायचं नाही

सायनस बहुधा छळतो, जीव घेत नाही. पण एथमॉइड पोकळी आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं; त्याचं लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' या अर्थाचं आहे. आणि वरच्या मजल्यावर मेंदू राहतो. म्हणून डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाची दोन दिसणं, नजर अंधुक होणं, कपाळावर सूज, तापासोबत असह्य डोकेदुखी, मान आखडणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता रेक्टर सरांचं दार वाजवा, ते रागावणार नाहीत. रागावले तरी चालेल.

स्टाफमधल्या मधुमेही मंडळींसाठी एक खास गोष्ट. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा म्हणजे म्युकरमायकोसिसचा कहर पाहिला. साखर ताब्यात नसणं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांचा मारा ही त्याची मुख्य कारणं होती. लाट ओसरली, पण बुरशी हवेत आणि मातीत आहेच. मधुमेह असताना गाल बधिर होणं, नाकात काळी खपली, वरचे दात अचानक हलू लागणं, डोळा सुजणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इथे तासांचा हिशेब असतो.

डॉक्टरांकडे जाताना

शेवटी एक साधी गोष्ट, जिचा मला फार उपयोग झाला. दुखणं कधी सुरू झालं, कुठल्या बाजूला, कोणतं औषध किती दिवस घेतलं, किती दिवस बरं वाटलं, ॲलर्जी, दमा, दातांची जुनी कामं, घरात कुणाला असा त्रास, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. 'लॉगबुक' म्हणा हवं तर. आणि तीन प्रश्न विचारा : हे एका बाजूचं आहे की दोन्ही? दुर्बिणीने किंवा स्कॅनने पाहायची वेळ आली आहे का? पू बाहेर येतोय तर त्याचं कल्चर करून मग औषध ठरवता येईल का? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांना कंटाळत नाहीत, माझे तरी कंटाळले नाहीत.

मशीन पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर आपण जास्त अँपियरचा फ्यूज टाकत नाही, शॉर्ट कुठे आहे ते शोधतो. शरीराला तेवढा न्याय द्यायला काय हरकत आहे? तेव्हा मित्रांनो, या पावसाळ्यात सर्दी झाली तर दहा दिवस धीर धरा. न गेली तर डॉक्टर गाठा. आणि तरीही न गेली तर 'कुठली गोळी स्ट्राँग?' याऐवजी 'अडलंय कुठे?' एवढंच विचारत राहा. तुमचा हा बॅकलॉग लवकर सुटो, ही शुभेच्छा !

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी